हो म्हणणारे आणि सही करणारे
(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लेखी पाठ)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना मोघम बोलणं खपत नसे, असं आत्ताच प्रास्ताविकात ऐकलं. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. लोकांना प्रश्न विचारायचे आणि मिळालेली उत्तरं मोजायची, हा माझा धंदा. अवयवदान करा, असं सांगायला मी उभा नाही. ते काम करणारी मंडळी पुष्कळ आहेत आणि ती माझ्यापेक्षा चांगलं करतात. अवयवदानाबद्दल लोकांना काय वाटतं हे आपण मोजतो कसं, आणि मोजताना कुठे फसतो, एवढाच माझा विषय आहे.

कोडं साधं आहे. अमेरिकेत १९९३ साली गॅलप या संस्थेनं पाहणी केली, तेव्हा ८५ टक्के लोक अवयवदानाच्या बाजूनं होते. त्यासाठी कार्डावर किंवा वाहन परवान्यावर नोंद केलेले होते २८ टक्के. पुढे सव्वीस वर्षांनी, २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पाठिंबा नव्वदच्या घरात गेला आणि नोंदणी जेमतेम निम्म्यावर आली. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांतून अशा पाहण्या दरवर्षी निघतात. त्यांना 'केएपी' म्हणतात: माहिती किती, मत काय, कृती काय. ओपीडीत नंबर लावून बसलेले नातेवाईक, नर्सिंगच्या मुली, एमबीबीएसची पहिल्या वर्षाची मुलं, असे लोक हाताशी असतात, त्यांना कागद दिला जातो. बहुतेक वेळा बहुमत 'हो'चंच निघतं. आणि २०२३ साली सगळ्या भारतात मरणोत्तर अवयवदाते झाले १,०९९. दर दहा लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये हाच आकडा ४५ च्या वर आहे.

मग अहवालाच्या शेवटी एक वाक्य येतं, 'व्यापक जनजागृतीची गरज आहे.' हे वाक्य पाहणी करण्यापूर्वीच टाइप करून ठेवलेलं असावं, असा मला दाट संशय आहे. लोक तोंडानं हो म्हणतात आणि वेळेवर मागे सरतात, म्हणजे दोष लोकांचा, हा त्यातला छुपा निवाडा. तो मला मान्य नाही.

बोलणं आणि वागणं यांतलं अंतर ही काही नवी गोष्ट नव्हे. रिचर्ड लापिएर नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९३० च्या सुमारास एका चिनी जोडप्याबरोबर देशभर मोटारीनं हिंडला. त्या काळी तिथे चिन्यांबद्दल उघड तिटकारा होता. अडीचशे हॉटेलं आणि खाणावळी झाल्या. नकार मिळाला एका ठिकाणी. नंतर त्यानं त्याच मालकांना पत्रानं विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नाही' लिहिलं. १९३४ साली त्यानं हे छापलं. कागदावर 'नाही' म्हणणाऱ्यानं दारात आलेल्या माणसांना खोली दिली होती, कारण दारात उभं असतं ते जोडपं, त्यांचं सामान, त्यांचं नीटनेटकं इंग्रजी; 'चिनी लोक' ही कल्पना तिथे उभी नसते. आपल्याकडे गाडी उलट दिशेनं जाते. कागदावर 'अवयवदान' ही कल्पना असते आणि सगळे हो म्हणतात. अतिदक्षता विभागाच्या दारात आपला माणूस असतो.

प्रश्न कसा मांडला यावरही बरंच ठरतं. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. इंटरनेटवरच्या १६१ जणांना त्यांनी सांगितलं की समजा तुम्ही नव्या राज्यात राहायला आला आहात. काहींना सांगितलं, इथे तुम्ही दाते नाही असं धरलेलं आहे, हवं तर बदला. ४२ टक्के दाते झाले. काहींना सांगितलं, इथे तुम्ही दाते आहात असं धरलेलं आहे, नको तर बदला. ८२ टक्के दाते राहिले. तिसऱ्या गटासाठी काहीच धरलेलं नव्हतं, काय ते निवडा म्हटलं. तिथे ७९ टक्के. हा प्रयोग फार गाजला आणि अनेकांनी त्यातून एवढंच उचललं की 'संमती गृहीत धरणारा कायदा करा, काम झालं'. कायद्यानं काम होत असतं तर ब्राझीलनं १९९७ साली केलेला तसला कायदा पुढच्याच वर्षी मागे घेतला नसता. इंग्लंडनं मे २०२० पासून संमती गृहीत धरली. त्यानंतर तिथे नातेवाइकांच्या होकाराचं प्रमाण चढलं नाही, उतरलं. स्पेनचा कायदा १९७९ चा, पण तिथली खरी वाढ १९८९ नंतरची. त्या वर्षी त्यांची राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना निघाली आणि रुग्णालयारुग्णालयांतून प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले. ती उभारणारे राफाएल मातेसान्स स्वतःच सांगत आले की श्रेय कायद्याला देऊ नका, आम्ही घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

घरच्यांना विचारल्याशिवाय. माझ्या मते सगळ्या पाहण्यांची चूक इथेच होते.

आपला अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. ४ फेब्रुवारी १९९५ ला तो सर्वप्रथम ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. २०११ मध्ये दुरुस्ती झाली, २०१४ ला नवे नियम आले. त्या नियमांना जोडलेले दोन फॉर्म मी आज सोबत आणले आहेत. फॉर्म ७ तुमचा स्वतःचा. अठरा वर्षांवरच्या कोणीही भरावा. हृदय, फुफ्फुसं, मूत्रपिंडं, यकृत, स्वादुपिंड, 'सर्व अवयव', अशा चौकटी. खाली दोन साक्षीदार, त्यांतला एक जवळचा नातेवाईक असलाच पाहिजे. तळाशी टीप आहे की संकल्प मागे घेण्याची मुभा आहे. फॉर्म ८ वेगळा. तो भरतो नातेवाईक. मस्तिष्क-स्तंभ मृत्यूची, म्हणजे लोक ज्याला 'ब्रेन डेड' म्हणतात त्याची, तपासणी चार डॉक्टरांच्या मंडळानं निदान सहा तासांच्या अंतरानं दोनदा केली, की हा फॉर्म पती, पत्नी, मुलगा, वडील, भाऊ यांच्यापैकी कोणाच्या तरी पुढ्यात येतो. प्रत्यक्षात अवयव मिळतात ते फॉर्म ८ वरच्या सहीनं. फॉर्म ७ भरलेला असला तरी घरचे नको म्हणाले तर आपल्याकडे कोणी डॉक्टर पुढे जात नाही, आणि मी डॉक्टर असतो तर मीही गेलो नसतो.

आता आपल्या पाहण्या बघा. प्रश्न असतो: 'मृत्यूनंतर तुम्ही तुमचे अवयव दान कराल का?' म्हणजे आपण फॉर्म ७ बद्दल विचारतो आणि निकाल लागतो फॉर्म ८ वर. निर्णय घेणाऱ्याला त्याच्या निर्णयाबद्दल कोणी विचारतच नाही.

तसं विचारल्यावर काय होतं ते सांगतो. एका प्रश्नावलीची चाचणी चालू होती. आमच्याबरोबर समाजकार्य शिकणारी एक मुलगी होती, हातात टॅब. दुपारी तीनच्या सुमाराला दार उघडलं ते पन्नाशीच्या एका बाईंनी. ओट्यावरचं काम टाकून आल्या होत्या, हात पदराला पुसत. 'ताई, तुम्ही स्वतःचे अवयव दान कराल का?' बाई हसल्या. 'माझं काय, मेल्यावर घ्या सगळं. राख होण्यापेक्षा बरं.' पुढचा प्रश्न नवऱ्याबद्दल. त्यांनी मागे वळून हाक मारली, 'अहो, ऐकलंत का, ह्या काय विचारतायत!' आतून उत्तर आलं नाही. मग मुलीनं तिसरा प्रश्न विचारला: 'तुमच्या मुलाला अपघात झाला आणि डॉक्टरांनी…' तिला वाक्य पुरं करता आलं नाही. 'असलं अभद्र विचारू नका बाई,' असं म्हणून दार लागलं. मुलीनं तिसऱ्या प्रश्नापुढे ९९ टाकलं. आमच्या धंद्यात ९९ म्हणजे 'उत्तर नाही'. विश्लेषण करताना हे ९९ वाले बाजूला काढतात आणि उरलेल्यांची टक्केवारी काढतात.

माझं म्हणणं, ते ९९ बाजूला काढायचे नाहीत, मोजायचे. त्या बाई विरोधात नव्हत्या. स्वतःपुरत्या त्या चक्क उदार होत्या. पण तो प्रश्न त्यांच्या घरात उच्चारायचीच सोय नव्हती, आणि जे उच्चारता येत नाही त्यावर कॉरिडॉरमध्ये अर्ध्या तासात सही कशी व्हायची? ब्रिटनमध्ये रुग्णानं आपली इच्छा नोंदवून ठेवलेली असली तर दहातली नऊ कुटुंबं होकार देतात. इच्छा ठाऊक नसली की होकार निम्म्याच्या आसपास येतो. नातेवाईक नाही म्हणतो तेव्हा तो बहुधा अवयवदानाला नाही म्हणत नसतो. 'ह्यांना काय वाटलं असतं ते मला माहीत नाही, मी माझ्या डोक्यावर कशाला घेऊ,' असं म्हणत असतो.

दुसरी अडचण मरणाचीच. ओहायो राज्यात लॉरा सिमिनॉफ आणि सहकाऱ्यांनी १,३५१ रहिवाशांना विचारून २००४ साली एक अभ्यास छापला. माझ्या वाचनातला हा या विषयावरचा सर्वांत शहाणा सर्व्हे. 'ब्रेन डेड' हा शब्द ९८ टक्क्यांहून अधिक लोकांनी ऐकला होता. असा माणूस कायद्यानं मृत असतो, हे फक्त एक-तृतीयांशांना ठाऊक होतं. नुसतं एवढं विचारून त्यांनी सोडलं नाही. तीन रुग्णांची वर्णनं ऐकवली: एक मेंदूमृत, एक खोल कोमात, एक वर्षानुवर्षं जाणीव हरपलेला. यांतला मेलेला कोण? मेंदूमृताला ८६ टक्क्यांनी मृत म्हटलं. कोमातल्याला ५७ टक्क्यांनी. तिसऱ्याला ३४ टक्क्यांनी. म्हणजे कायद्यानं धडधडीत जिवंत असलेल्या माणसांनाही लोक मेलेले म्हणत होते. आणि खरी गंमत पुढे. ज्याला आपण स्वतः जिवंत ठरवलं त्याचेही अवयव द्यायला हरकत नाही, असं निदान एका रुग्णाबद्दल सुमारे एक-तृतीयांश लोकांनी सांगितलं.

याचा अर्थ लोक मूर्ख आहेत असा काढणारे काढतात. मला दिसतं ते असं, की सामान्य माणूस 'मेला की जिवंत' हा प्रश्न विचारतच नाही; 'आता परत येणार आहे का' असं विचारतो. कायद्याची रेघ एकीकडे आणि त्याची रेघ दुसरीकडे. आपल्याकडे तर भाषाच 'व्हेंटिलेटरवर ठेवलंय' अशी. छाती वरखाली होते, हात ऊबदार लागतो, मॉनिटरवर आकडे हलतात, आणि चार डॉक्टर सांगतात की संपलं. अशा वेळी 'अवयवदान हे श्रेष्ठ दान' ही घोषणा त्या माणसाच्या काय कामाची? त्याचा प्रश्न वेगळा असतो आणि तो अगदी व्यावहारिक असतो: 'बॉडी कधी मिळेल?' गावाकडून माणसं निघालेली असतात. अपघाताची केस असली तर पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. दोन तपासण्यांमधले सहा तास, त्यानंतर शस्त्रक्रिया करणारी पथकं येणार. या तासांचा हिशेब एकाही प्रश्नावलीत मी पाहिलेला नाही. धर्माबद्दल मात्र हमखास विचारतात. 'पुढच्या जन्मी तो अवयव नसेल असं वाटतं का?' असा पर्याय छापून देतात, आणि ज्याच्या मनात तो विचार कधी आला नव्हता तोही त्यावर खूण करतो. दधीचीनं हाडं दिली ही गोष्ट माहीत असलेल्या समाजात हा पर्याय आपण आपल्या हातानं पेरतो.

फॉर्मचा गोंधळ तर विचारू नका. 'अवयवदानाचा फॉर्म भरलाय का?' असं विचारलं की लोक आनंदानं हो म्हणतात. कार्ड दाखवा म्हटलं की निघतं नेत्रपेढीचं, नाहीतर देहदानाचं. नेत्रदान घरी मृत्यू आला तरी होतं, साधारण सहा तासांत पथक आलं पाहिजे. देहदान म्हणजे शरीर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाकडे. मरणोत्तर अवयवदान आपल्याकडे होतं ते बहुतांशी अतिदक्षता विभागात, मस्तिष्क-स्तंभ मृत्यूनंतरच. तीन वेगळे रस्ते आहेत. माझा सल्ला असा की पाहणीत 'भरलाय का' एवढ्यावर भागवू नये. कागद हातात घेऊन बघावा.

जर्मनीची गोष्ट आता थोडी सविस्तर सांगतो, कारण लोकमताला विनाकारण दोषी कसं धरलं जातं ते तिथे स्वच्छ दिसतं. २०१२ साली तिथे प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतला घोटाळा बाहेर आला. काही डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना यादीत वर ढकलण्यासाठी नोंदी बदलल्या होत्या. देशभर संताप झाला. २०११ साली १,२०० दाते होते, २०१३ साली ८७६ झाले, २०१७ साली ७९७. सगळ्यांनी एकच अर्थ लावला: जनतेचा विश्वास उडाला. पण २०१८ च्या सरकारी पाहणीत ८४ टक्के लोक अवयवदानाला अनुकूल निघाले. मत वर आणि दाते तळाला. मग कील विद्यापीठाच्या डॉक्टरांनी लोकांना विचारणं सोडून रुग्णालयांच्या बिलांच्या नोंदी तपासल्या. २०१० ते २०१५ या काळात दाते होऊ शकतील अशा मृत्यूंची संख्या सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेली निघाली. घटलं होतं ते रुग्णालयांनी अशा रुग्णाची खबर प्रत्यारोपण यंत्रणेला देण्याचं प्रमाण. म्हणजे कित्येक कुटुंबांना कोणी विचारलंच नव्हतं. २०१९ साली कायदा बदलून अशी खबर देण्याचं काम पाहणाऱ्या डॉक्टरांना मोकळा वेळ आणि रुग्णालयांना जास्त पैसे देण्यात आले. एवढं करूनही आकडा हजाराच्या खालीच घुटमळला, हेही सांगायला हवं. एका दुरुस्तीनं सगळं सुटत नाही.

घरचं उदाहरण घ्या. २०२३ साली तेलंगणात २५२ मरणोत्तर दाते झाले आणि महाराष्ट्रात १४८. तेलंगणाची लोकसंख्या आपल्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तिकडचा माणूस आपल्यापेक्षा पाचपटीहून जास्त दिलदार आहे, असं कोणी म्हणेल का? महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रं आहेत, मुंबईच्या केईएम रुग्णालयात प्रादेशिक कार्यालय आहे. आधार क्रमांकावर संकल्प नोंदवायची केंद्र सरकारची ऑनलाइन सोय सप्टेंबर २०२३ पासून आहे आणि लाखो लोकांनी ती वापरली. हे सगळं असताना एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या चाचण्या झाल्या की नाहीत, झाल्या तर घरच्यांपाशी कोण बसलं, बसायला खोली तरी होती का, हे मोजलं पाहिजे. दहा हजार लोकांना मत विचारण्याच्या खर्चात शंभर मृत्यूंचा असा माग काढता येईल आणि त्यातून जास्त कळेल.

विश्वासाचा मुद्दा मी टाळत नाही. २०१६ साली मुंबईत मूत्रपिंडांच्या खरेदी-विक्रीचं प्रकरण उघडकीला आलं, ते लोक विसरलेले नाहीत. खासगी रुग्णालयाच्या बिलानं पोळलेल्या माणसाला 'लवकर मृत घोषित केलं तर कोणाचा फायदा?' असा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. पण 'तुमचा डॉक्टरांवर विश्वास आहे का?' असं विचारलं की उत्तर येतं 'आहे'. विचारणारी मुलगी पांढरा कोट घालून आलेली असते ना!

जिवंतपणी दिलेल्या अवयवांबद्दल थोडंच सांगतो, त्यावर वेगळं व्याख्यान हवं. २०२३ साली देशातल्या जिवंत दात्यांमध्ये सुमारे ६३ टक्के स्त्रिया होत्या. नवऱ्याला मूत्रपिंड द्याल का, असं सासूसमोर विचारल्यावर सून काय सांगणार? तिथला 'हो' माझ्या लेखी ९९ पेक्षाही कमी किमतीचा. मुलाखत एकांतात घ्या, असं प्रत्येक पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं. दोन खोल्यांच्या घरात एकांत म्हणजे जिना किंवा गच्ची, हे मात्र लिहिलेलं नसतं.

मग माझी प्रश्नावली कशी असेल? पहिला प्रश्न: तुमच्या घरातल्या कोणत्या माणसाची या बाबतीतली इच्छा तुम्हाला ठाऊक आहे? नवऱ्याची, आईची, भावाची, एकेक करून. नंतर त्याच घरात त्या माणसाला वेगळं गाठून विचारायचं आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते बघायचं. दुसरं, अशी वेळ आली तर तुमच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा? पुष्कळ घरांत तो कायद्यानं जवळच्या ठरवलेल्या नातेवाइकाचा नसतो. फॉर्मवर सही बायकोची असते आणि निर्णय गावाहून येणाऱ्या थोरल्या चुलत्याचा. स्वतःच्या अवयवांचा प्रश्न मी अगदी शेवटी ठेवीन, कारण त्याचं उत्तर मला आधीच माहीत आहे.

आणि ज्यांनी नाही म्हटलं त्या कुटुंबांना भेटायला हवं. हे काम सर्वांत अवघड. बाराव्या-तेराव्याच्या आत जाणं निर्दयपणा, आणि दोन वर्षांनी गेलं तर आठवणीला घडी पडलेली असते. तेव्हा काय वाटलं होतं आणि नंतर काय वाटलं हे त्यांनाही वेगळं काढता येत नाही. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान जावं असं मला वाटतं. आधी पत्र, मग त्यांची तयारी असेल तर भेट. जाणारा माणूस त्या रुग्णालयाचा नसावा. सरकारी रुग्णालयांतल्या समाजसेवा अधीक्षकांना हे काम उत्तम जमेल, पण ज्या अधीक्षकानं त्या रात्री नकार ऐकला त्यालाच पाठवू नये. घरच्यांना वाटेल की हा जाब विचारायला आलाय. प्रश्नावलीही नको. एवढंच विचारावं, की तुम्हाला हे कोणी सांगितलं, कुठे उभं राहून सांगितलं, आणि तेव्हा तुमच्याबरोबर कोण होतं. ओहायोतल्यासारखी वर्णनं, टक्केवारी, आलेख हे सगळं नंतर बघू.

संयोजकांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आहे आणि प्रश्नोत्तरांच्या चिठ्ठ्याही आल्या आहेत. पहिल्याच चिठ्ठीत कोणीतरी विचारलंय, 'तुम्ही स्वतः फॉर्म भरलाय का?' भरलाय. दुसरा साक्षीदार म्हणून सही माझ्या धाकट्या भावाची आहे, आणि तो अजून म्हणतो की वेळ आली तर मी वहिनीला विचारीन.